गार इंजिनावर टायमिंग बघू नका राव: जुन्या ऑक्टाव्हिया टीडीआयवर रीडिंग घ्यायची माझी पद्धत

गाडी २००५ ची ऑक्टाव्हिया, १.९ टीडीआय म्हणजे १.९ लिटरचं टर्बो डिझेल, ९० हॉर्सपॉवरवाली, औरंगाबादच्या शेंद्र्याच्या प्लांटमधून निघालेली. टायमिंग बेल्ट बदलायला एका गॅरेजात टाकली होती, नाव घेत नाही, माणूस वाईट नव्हता पण घाईत होता. डिसेंबरातलं नाशिक, सकाळचे नऊ, गाडी रात्रभर बाहेर उभी. त्याने सेल्फ मारला, लॅपटॉप लावला, टायमिंगच्या, म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेल नेमकं कधी फवारलं जातं त्याच्या, ग्राफवरचा ठिपका बरोबर मधल्या रेषेवर दाखवला आणि म्हणाला साहेब परफेक्ट. मी पण खूश, पैसे दिले, निघालो.

पंधरा दिवसांत लक्षात आलं की गाडी गरम झाली की मरगळते, अ‍ॅव्हरेज उतरलंय, आणि पिकअप पण आधीसारखा नाही. स्वतःची केबल होतीच, म्हटलं बघू. एक चक्कर मारून आलो, इंजिन पूर्ण तापलेलं होतं, तेव्हा ग्राफ उघडला तर तोच ठिपका खालच्या रेषेला टेकलेला. मधे कोणी पानासुद्धा लावला नव्हता. बदललं होतं ते फक्त तापमान.

तेव्हापासून मी कोणी टायमिंगचा नुसता आकडा सांगितला की पहिला प्रश्न विचारतो, इंजिनातलं पाणी किती तापलेलं होतं आणि डिझेल किती तापलेलं होतं. दोन्ही अंश सेल्सियसमध्ये. ते सांगता येत नसेल तर तो आकडा माझ्या लेखी अर्धाच.

आता हे असं का होतं ते आधी समजून घ्या, नाहीतर पुढच्या पायऱ्या म्हणजे नुसतं बटण दाबणं होईल.

पंपाच्या पोटात काय चालतं

या गाडीत कॉमन रेल, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या सगळ्या नोझलना एकाच नळीतून दाबाचं डिझेल देणारी पद्धत, नाही. बॉशचा रोटरी पंप आहे, व्हीपी३७ म्हणतात, म्हणजे आपल्या जुन्या व्हीई पंपालाच इलेक्ट्रॉनिक डोकं बसवलेलं. पंप टायमिंग बेल्टवर चालतो, क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने, म्हणून पंप १ अंश हलला तर क्रँकच्या हिशोबाने २ अंश फरक पडतो. हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पंपाच्या आत खाली आडवा एक छोटा पिस्टन असतो, त्याला आपण टायमिंग पिस्टन म्हणू. त्याच्या एका बाजूला स्प्रिंग, दुसऱ्या बाजूला पंपाच्या आतल्या डिझेलचा दाब. हा दाब आतलाच एक छोटा व्हेन पंप तयार करतो. दाब वाढला की पिस्टन सरकतो, रोलरचं कडं फिरवतो आणि इंजेक्शन लवकर सुरू होतं, म्हणजे अ‍ॅडव्हान्स. दाब कमी झाला की स्प्रिंग त्याला परत ढकलते, रिटार्ड. आणि या दाबाला किती गळू द्यायचं ते एन१०८ नावाचा व्हॉल्व्ह ठरवतो, त्याला ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर हुकूम देतो. खरंच किती अंशाला इंजेक्शन सुरू झालं हे तिसऱ्या सिलेंडरच्या नोझलमध्ये बसवलेला जी८० सेन्सर सांगतो, नोझलची सुई उचलली की त्याला कळतं.

म्हणजे बघा, सगळा खेळ डिझेलच्या दाबावर आहे, आणि डिझेल तापलं की पातळ होतं. पातळ डिझेल व्हेन पंपाच्या फटींतून जास्त गळतं, आतला दाब थोडा पडतो, टायमिंग पिस्टनला रेटा कमी मिळतो, इंजेक्शन थोडं उशिरा सुरू होतं. गार आणि जाड डिझेलचं नेमकं उलटं. आपल्याकडे डिझेलचं जे भारतीय मानक आहे, आयएस १४६०, त्यातसुद्धा जाडी ४० अंशांवर मोजून २ ते ४.५ सेंटिस्टोक्स अशी दिलीय, म्हणजे तापमान धरल्याशिवाय जाडीचा आकडाच देता येत नाही. आणि हो, रॉकेल मारलेलं डिझेल याहून पातळ, त्यामुळे असल्या पेट्रोल पंपावरचं डिझेल भरून टायमिंग सेट केलं तर मग चांगलं डिझेल भरल्यावर रीडिंग हललेलं दिसलं म्हणून बोंब मारू नका.

दुसरी गोष्ट पाइपची. पंपाने दाब दिला म्हणजे नोझल लगेच उघडलं असं नाही, दाबाची लाट पाइपातून जायला वेळ लागतो. डिझेलमध्ये ही लाट सेकंदाला साधारण १३०० मीटर वेगाने जाते. पाइप अर्धा मीटर धरला तर ०.३८ मिलिसेकंद. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, ९०० आरपीएमवर क्रँक एका मिलिसेकंदात ५.४ अंश फिरतो, म्हणजे नुसत्या पाइपात साधारण २ अंश खर्च होतात. डिझेल तापलं की लाटेचा वेग पडतो. १० टक्के पडला असं धरा, तर आयडलला पाव अंशाहून थोडा कमीच फरक. फार नाही, पण दिशा तीच, गरम म्हणजे उशीर. दोन्ही गोष्टी एकाच बाजूला ढकलतात, एकमेकींना खोडत नाहीत.

तिसरी गोष्ट ईसीयूची आणि इथेच बहुतेक जण फसतात. गार इंजिनात कॉम्प्रेशनच्या शेवटी हवा कमी तापते, म्हणून डिझेल शिरल्यापासून पेटेपर्यंत जास्त वेळ जातो. तो उशीर भरून काढायला ईसीयू मुद्दाम टायमिंग पुढे घेतो, शिवाय आयडल थोडं वर ठेवतो आणि डिझेलही जास्त देतो. आता चालू डेटामध्ये गार इंजिनावर टायमिंग छान अ‍ॅडव्हान्स दिसलं तर तो पंपाचा गुण नाही, ईसीयूची इच्छा आहे. पंप थोडा मागे बसलेला असला तरी एन१०८ ला पिळून ईसीयू ती चूक झाकतो. जोपर्यंत झाकता येते तोपर्यंत.

चौथी म्हणजे धातूचं फुगणं. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा, अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे बेल्टचे सेंटर थोडे सरकतात. ६० अंश तापमान वाढलं तर १०० एमएम अ‍ॅल्युमिनियम ०.१४ एमएमच्या आसपास वाढतं. टेन्शनर ते सांभाळून घेतो, पण गार आणि गरम यात हा पण एक बारीकसा वाटेकरी आहे. यावर मी झोप उडवून घेत नाही.

सामान

व्हीसीडीएसची (फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्या तपासायचं सॉफ्टवेअर) केबल आणि लॅपटॉप. नुसता स्वस्तातला ब्लूटूथ कोड रीडर इथे चालत नाही, कारण आपल्याला कंपनीच्या मेझरिंग ब्लॉकमध्ये (सेन्सरच्या चालू आकड्यांचे गट) आणि बेसिक सेटिंग्जमध्ये जायचंय. एक वही. पंप हलवायचा असेल तर १३ चा सॉकेट, हब (पुली जिच्यावर बसते तो पंपाचा मधला भाग) फिरवायला २२ चा पाना, टॉर्क रेंच, आणि नेलपेंट किंवा पांढरा मार्कर. बायकोची नेलपेंट घेतली तर परत जागेवर ठेवा, अनुभवाचे बोल.

पहिली पायरी रात्री सुरू होते

गाडी रात्रभर उभी राहू द्या, निदान आठ तास. सकाळी बॉनेट उघडायच्या आधी नुसती चावी ऑन करा, सेल्फ मारू नका, लॅपटॉपवर इंजिनमध्ये म्हणजे अ‍ॅड्रेस ०१ मध्ये जाऊन मेझरिंग ब्लॉक ००७ बघा. तिथे डिझेलचं तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान असं दिसतं. रात्रभर उभ्या गाडीत हे तिन्ही आकडे बाहेरच्या हवेच्या जवळ आणि एकमेकांपासून दोनतीन अंशांच्या आत पाहिजेत. बाहेर १२ आहे आणि कूलंट ३० दाखवतोय तर थांबा, सेन्सर खोटं बोलतोय, आधी तो बदला.

ही पायरी कोणीच करत नाही आणि मला सगळ्यात जास्त हीच आवडते, फुकट आहे आणि पाच मिनिटांची आहे. या गाड्यांमधला कूलंट सेन्सर, जी६२, जुना काळा असेल तर बदनाम आहे, नंतर हिरवा आला. गंमत अशी की त्या एकाच डबीत दोन सेन्सर आहेत, एक ईसीयूला सांगतो आणि एक डॅशबोर्डवरच्या काट्याला. त्यामुळे काटा झकास ९० वर आणि ईसीयूला वाटतंय इंजिन गारठलंय, असं होऊ शकतं. वर या गाड्यांचा काटा मुद्दाम शांत ठेवलेला आहे, साधारण ७५ पासून १०५ पर्यंत तो ९० वरच चिकटून राहतो म्हणजे ड्रायव्हर घाबरू नये. तेव्हा काटा बघून इंजिन गरम झालं म्हणणाऱ्याला रीडिंग घेऊ देऊ नका.

आता गाडी सुरू करा आणि ब्लॉक ००४ बघा. यात आरपीएम, ईसीयूला हवं असलेलं टायमिंग, प्रत्यक्षातलं टायमिंग आणि एन१०८ ची ड्यूटी सायकल, म्हणजे ईसीयू त्याला किती वेळ चालू ठेवतोय ते, टक्क्यांत, असे चार आकडे. गार इंजिनावरचे हे चारही वहीत लिहा. यावर काही निर्णय घ्यायचा नाही, नुसती नोंद. इंजिन तापत जाईल तसा हवा असलेला आकडा हळूहळू मागे येताना दिसतो, एकदा पाच मिनिटं बसून बघाच, पुस्तकातलं सगळं डोळ्यासमोर घडतं.

दुसरी पायरी, इंजिन खरंच गरम करणं

आयडलवर उभी ठेवून डिझेल इंजिन तापत नाही. पेट्रोलवाल्यांना हे पटत नाही पण खरं आहे, आयडलला डिझेल इतकं थोडं जळतं आणि हवा इतकी जास्त असते की हिवाळ्यात अर्धा तास उभी ठेवली तरी ७० च्या आसपास रेंगाळते. चालवा. मी नाशिकहून वाडीवऱ्हेपर्यंत जाऊन येतो, जाऊन येऊन चाळीसेक किलोमीटर होतात, तेवढं पुरतं. एसी बंद ठेवून जा म्हणजे आल्यावर रेडिएटरचे पंखे मधेच चालू होऊन आयडल हलवणार नाहीत.

टाकी निदान अर्धी असू द्या. या पंपातून जेवढं डिझेल जातं त्यातलं बरंचसं परत टाकीत येतं आणि येताना पंपाची उष्णता घेऊन येतं, टाकीत चारच लिटर असेल तर तेच तेच डिझेल फिरून तापत राहतं आणि रीडिंग घेताना आकडा सरकत राहतो. फिल्टरवरचा तो छोटा टी-पीस पण इथे भाग घेतो, डिझेल गार असताना परतीचं गरम डिझेल तो फिल्टरमध्ये वळवतो आणि तापलं की टाकीकडे सोडतो. तो अडकला तर मे महिन्यात पंपातलं डिझेल उगाच तापतं.

परत आल्यावर ब्लॉक ००७. कूलंट किमान ८० पाहिजे, मी ८५ च्या खाली पुढे जात नाही. चाळीस किलोमीटर चालवून पण कूलंट ७२ वर असेल तर टायमिंगचं नाव काढू नका, थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, तो बदला. थर्मोस्टॅट अडकलेल्या गाडीचं टायमिंग सेट करणं म्हणजे ताप असताना कपड्याचं माप देण्यासारखं, आणि वर अशी गाडी कायम थोडी अ‍ॅडव्हान्स चालते, आवाज जास्त करते, आणि मिस्त्री म्हणतो नोझल गेले.

तिसरी पायरी, ग्राफ

गाडी सपाट जागी, हँडब्रेक, न्यूट्रल. लाइट, एसी, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं बंद. आयडल ९०० च्या आसपास स्थिर पाहिजे. आधी फॉल्ट कोड बघा. १७६५६ म्हणजे पी१२४८ आला असेल तर ईसीयूची तक्रार अशी आहे की मी मागतो ते टायमिंग मला मिळत नाही. त्याचं कारण पंप चुकीचा बसणं असू शकतं, पण पाइपात हवा घेतलेली असणं हे पण तितकंच कारण आहे, आणि चोंदलेला फिल्टर. पंपाकडे जाणारा पारदर्शक पाइप बघा, बुडबुडे धावत असतील तर आधी हवा कुठून शिरते ते शोधा. हवा दाबली जाते, डिझेल जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे हवा असली की आतला दाब नाचतो आणि टायमिंग पण नाचतं.

जी८० खराब असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. वायरचा जोड काढून मल्टिमीटर लावा, ८० ते १२० ओहम आला तर ठीक.

आता व्हीसीडीएसमधलं टीडीआय टायमिंगचं बटण दाबा, आणि दाबल्यावर ब्लॉक ००० बेसिक सेटिंग्जमध्ये आहे का ते बघा. हा फरक महत्त्वाचा. साध्या मेझरिंग ब्लॉकमध्ये ईसीयू टायमिंग सुधारत असतो, बेसिक सेटिंग्जमध्ये तो हात आखडता घेतो आणि पंप मुळात कुठे बसलाय ते दिसतं. इंजिनाचा आवाज बदलतो, एन१०८ टिकटिक करतो, घाबरू नका. आवाज काहीच बदलला नाही तर तुम्ही बहुतेक बेसिक सेटिंग्जमध्ये नाहीच आहात.

ग्राफमध्ये तीन तिरक्या रेषा दिसतात. वरची अ‍ॅडव्हान्सची हद्द, खालची रिटार्डची हद्द, मधली आदर्श. आता नीट बघा, त्या रेषा तिरक्या का आहेत? कारण आडव्या अक्षावर डिझेलचं तापमान आहे. म्हणजे डिझेल तापलं तर टायमिंग किती सरकणार हे कंपनीने धरूनच ठेवलंय. ब्लॉक ००० मधल्या दहा आकड्यांतला दुसरा म्हणजे इंजेक्शनची सुरुवात आणि नववा म्हणजे डिझेलचं तापमान, हे दोन घेऊन ठिपका पडतो. हे आकडे अंशांत नाहीत, कच्चे आहेत, आणि तापमानाचा कच्चा आकडा उलटा चालतो, डिझेल तापलं की तो कमी होतो. यावरून लोक एकमेकांशी भांडलेले मी पाहिलेत.

मग तुम्ही म्हणाल, ग्राफ डिझेलचं तापमान धरतोच, तर इंजिन गार असलं म्हणून काय बिघडलं? माझ्या त्या मिस्त्रीचं पण हेच म्हणणं होतं. बिघडतं असं की ग्राफला फक्त पंपातल्या डिझेलचं तापमान माहीत असतं. गार इंजिनावर आयडल वर असतं, डिझेलचं प्रमाण जास्त असतं, नोझल गार हेडमध्ये बसलेलं असतं, बेल्टचे सेंटर गार असतात, आणि पंपाची बॉडी आतून बाहेरून सारखी तापलेली नसते. यातलं काहीच त्या तिरक्या रेषेत नाही. कंपनीने त्या रेषा तापलेल्या इंजिनासाठी काढल्यात.

ठिपका एका जागी स्थिरावेपर्यंत मिनिटभर थांबा. मग वहीत लिहा, कूलंट, डिझेल, आरपीएम, ठिपका कुठे. पाच मिनिटांनी परत. डिझेल दोनतीन अंश वाढलेलं असेल आणि ठिपका रेषेला समांतर सरकलेला असेल तर सगळं ठीक चाललंय. डिझेलचा आकडा जागचा हलत नाही आणि ठिपका मात्र वरखाली उड्या मारतोय, तर हवा किंवा जी८०, पंप नाही.

ठिपका कुठे पाहिजे

मधली रेषा किंवा तिच्या किंचित वर. माझं स्वतःचं मत मधल्या आणि वरच्या रेषेच्या साधारण एक तृतीयांशावर, गाडी सकाळी पटकन उठते आणि पिकअप बरा वाटतो. काही जण अगदी वरच्या रेषेला चिकटवतात, मला ते पटत नाही, सिलेंडरमधला दाब वाढतो, ठोका वाढतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात फुल लोड करून कसारा घाट चढताना इंजिनावर आधीच पुरेसा भार असतो. खालच्या रेषेजवळ असेल तर सकाळी सेल्फ जास्त मारावा लागतो, पांढरा धूर, अ‍ॅव्हरेज कमी, एक्झॉस्ट जास्त तापतो.

रेषांच्या आत आहे आणि गाडी नीट चालतेय तर हात लावू नका. खरंच. अर्ध्या लोकांनी चांगली चाललेली गाडी ग्राफ सुंदर दिसावा म्हणून बिघडवलीय.

चौथी पायरी, हलवायची वेळ आलीच तर

इंजिन बंद. गरम असेल, हात सांभाळा, पंख्याच्या जवळ बाही नको, हा पंखा चावी काढल्यावर पण फिरतो. टायमिंग बेल्टचं वरचं कव्हर काढा. पंपाच्या पुलीवर १३ चे तीन बोल्ट दिसतील आणि मधोमध एक मोठा नट. मधल्या मोठ्या नटाला सोडवायचं नाही. परत सांगतो, तो नट सोडवायचा नाही, तो कंपनीत पंपाच्या टेस्ट बेंचवर बसवलेला असतो, तो हलला तर पंपाचं मूळ टायमिंगच गेलं आणि मग पंप डिझेल लॅबमध्ये द्यावा लागतो. २२ चा पाना फक्त हब फिरवायला त्यावर लावायचा, तेही बोल्ट सैल केल्यावर आणि अगदी हलक्या हाताने.

पुली आणि हब दोन्हींवर मिळून एक रेघ नेलपेंटने मारा, म्हणजे किती हललं ते कळेल आणि गोंधळ झाला तर मूळ जागी येता येईल. तीन बोल्ट सैल करा, काढू नका. इंजिन बेल्टच्या बाजूने बघितलं की घड्याळाच्या दिशेने फिरतं. हब त्याच दिशेने थोडा पुढे नेला तर अ‍ॅडव्हान्स, उलटा आणला तर रिटार्ड. थोडा म्हणजे रेघेच्या जाडीइतका, कारण तुम्हाला आठवत असेल, पंपाचा १ अंश म्हणजे क्रँकचे २. पहिल्यांदा करणारा हमखास जास्त हलवतो, मी पण हलवला होता, ठिपका ग्राफच्या बाहेरच गेला.

बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा, आणि ज्या इंजिनाला ताणले जाणारे बोल्ट आहेत तिथे ते नवेच घ्या, पन्नास शंभर रुपयांसाठी पंपाची पुली सुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतील. मग हाताने क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवा, कुठे अडत नाही ना बघा, आणि मग सेल्फ.

आणि आता सगळ्यात मोठी घाई इथे होते

तुम्ही बोल्ट सैल करून आवळेपर्यंत वीसेक मिनिटं गेली. एवढ्या वेळात काय झालं? इंजिन बंद, डिझेल फिरत नाही, गरम ब्लॉकची ऊब पंपात मुरली, पंपातलं डिझेल आधीपेक्षा जास्त तापलं. कूलंट मात्र थोडं उतरलं. सुरू करून लगेच ग्राफ बघितला तर जे दिसेल त्यात तुम्ही हलवलेलं किती आणि तापमानाने हललेलं किती हे वेगळं करता येत नाही. म्हणून सुरू केल्यावर पाचसात किलोमीटर चालवून या, ताजं डिझेल टाकीतून येऊन पंप परत आपल्या नेहमीच्या तापमानाला येऊ द्या, ब्लॉक ००७ मध्ये कूलंट आणि डिझेल दोन्ही आधीच्या नोंदीच्या तीनचार अंशांत आले की मग बघा. आधी आणि नंतरची तुलना तेव्हाच होते. मला तीन चकरा लागल्या, बायको म्हणाली तू गाडी दुरुस्त करतोयस का फिरायला जातोयस.

शेवटी साध्या मेझरिंग ब्लॉकमध्ये ००४ परत बघा. हवं असलेलं आणि मिळालेलं टायमिंग जवळजवळ सारखं पाहिजे, आणि ड्यूटी सायकल कुठल्या टोकाला चिकटलेली नको. टोकाला असेल तर ईसीयूच्या हातात अजून पिळायला काही शिल्लक नाही, आज चालेल, पण डिझेलचं तापमान बदललं की कोड येईल. वर्षाचे दोन टोकाचे मोसम, म्हणजे डिसेंबरातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार, दोन्हीत ही ड्यूटी सायकल टोकापासून लांब राहिली की मी समाधानी.

टायमिंग लाइटवाल्यांसाठी आणि जुन्या गाड्यांसाठी

काही जण विचारतात पाइपला क्लॅम्प लावून टायमिंग लाइटने बघितलं तर? चालतं, पण तो क्लॅम्प पाइप फुगल्याचं मोजतो, म्हणजे दाबाची लाट त्या जागी पोचल्याचं. सुई उचलल्याचं नाही. पंपाजवळ लावला आणि नोझलजवळ लावला तर आकडा वेगळा येणार, वर दिलेलं २ अंशांचं गणित आठवा. आणि ग्लो प्लगच्या, म्हणजे गार डिझेल इंजिन सुरू करताना तापणाऱ्या कांडीच्या, भोकात प्रकाशाचा प्रोब घालून जे मोजतात ते तर इंधन पेटल्याचा क्षण मोजतात, त्यात पेटायला लागलेला उशीर धरलेला असतो. गार इंजिनावर हा उशीर एक मिलिसेकंदाने जरी वाढला तरी आयडलला ५.४ अंशांचा फरक, आणि तोही उलट्या बाजूने, सुईवरचा सेन्सर अ‍ॅडव्हान्स सांगत असताना हा प्रोब रिटार्ड सांगतो. दोन मिस्त्री दोन यंत्रं लावून एकाच गार गाडीवर भांडतात आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. म्हणून कुठल्या यंत्राने घेतलं ते पण वहीत.

ज्यांच्याकडे साधा मेकॅनिकल व्हीई पंप आहे, ईसीयू वगैरे काही नाही, तिथे पंपाच्या मागच्या मधल्या बोल्टच्या जागी डायल गेज घालून प्लंजर (पंपातला दाब देणारा दांडा) किती एमएम उचलला ते बंद इंजिनावर मोजतात. इंजिन फिरत नाही, दाब नाही, त्यामुळे डिझेलच्या जाडीचा प्रश्न येत नाही. पण ज्या पंपाला कोल्ड स्टार्टचा लिव्हर आहे तिथे गोची आहे. केबलवाला असेल तर नॉब पूर्ण आत आहे ना बघा. मेणाच्या गोळीने आपोआप चालणारा असेल तर गार इंजिनावर तो लिव्हर ताणलेलाच असतो, रोलरचं कडं आधीच अ‍ॅडव्हान्सकडे ओढलेलं, आणि तुम्ही गेज लावून म्हणाल टायमिंग पुढे आहे. मग मागे घ्याल. मग गरम झाल्यावर गाडी ओढणार नाही. अशा पंपावर तो लिव्हर मोकळा करून, मधे पॅकिंग देऊन वगैरे, मगच गेजला हात लावायचा.

आणि जुन्या ट्रॅक्स, टेम्पो ट्रॅव्हलरमधलं मर्सिडीजच्या लायसन्सवर आकुर्डीला बनलेलं ओएम६१६ ज्यांच्याकडे अजून चालू आहे, ते लोक नशीबवान. तिथे इनलाइन पंप, पहिल्या नळीवर वाकडा पाइप लावून थेंब मोजायचे. मूळ मर्सिडीजच्या ओएम६१६ ला टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर येण्याच्या, २४ अंश आधी डिलिव्हरी सुरू होते, आपल्या गाडीचा आकडा आपल्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या. धार थांबून सेकंदाला एखादा थेंब पडायला लागला की ती जागा. हे बंद इंजिनावर होतं, तापमानाचा त्रास जवळपास नाहीच, फक्त कडाक्याच्या थंडीत जाड डिझेलचे थेंब जरा आळशी पडतात तेवढं लक्षात घ्या आणि दुपारी ऊन आल्यावर करा.

माझ्या वहीतली शेवटची नोंद: कूलंट ८८, डिझेल ५१, आरपीएम ९०३, ठिपका मधल्या रेषेच्या जरा वर, एसी बंद, टाकी पाऊण. पुढची मे महिन्यात घ्यायचीय.